शेफील्डचे सात आठवडे

टॅम्सांच्या घरात एखादी गोष्ट ठरवायची म्हणजे आधी सगळ्यांनी पोटभर खायचं, मग घसा बसेपर्यंत भांडायचं, आणि शेवटी घरातल्या आजीने, एव्हरिलने, पहिल्यापासून जे मनात धरलेलं असेल तेच करायचं. तिच्या थोरल्या मुलीचं, लॉरेनचं, लग्न असंच ठरलं होतं. तिच्या नवऱ्याला, होरेसला, मूठमाती कुठल्या चर्चच्या आवारात द्यायची तेही असंच ठरलं होतं, आणि तो बिचारा जिवंत असता तरी त्याला कुणी विचारलं नसतं. त्यामुळे डेब्राच्या लिओनीने कुठल्या विद्यापीठात इतिहास शिकायचा हे ठरवायला बर्स्लेमला आजीच्या घरी जमायचं म्हटल्यावर डेब्राला निकाल काय लागणार याची फारशी शंका नव्हती. एकोणपन्नास वर्षं ती एव्हरिलची मुलगी होती.

जूनचा पहिला बुधवार. प्रवेशाच्या वेबसाइटवर उत्तर द्यायची मुदत संध्याकाळी सहाला संपत होती. सकाळीच लिओनीचा एक पेपर झाला होता. चार वाजता डेब्राने तिला कॉलेजच्या फाटकातून उचललं तेव्हा तिच्या बोटांना अजून शाई होती.

गाडी वळणावर आली तशी लिओनी म्हणाली, "आई, एक सांगू? रागावू नकोस."

"रागावण्यासारखं असेल तर रागावणार."

"मला शेफील्डला जायचंय."

डेब्राने गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती. "मग टाक की. मी कुठे नको म्हणतेय?"

"नऊ वेळा म्हणालीस. चढ फार आहेत. पाऊस फार पडतो. ट्रेन बदलावी लागते. तिथल्या लोकांचं बोलणं कळत नाही. पाचव्यांदा परत चढ. सगळं लिहून ठेवलंय मी."

"काय बाई मुलगी आहे. आईवर खटला चालवतेय."

"आणि ती लिफ्ट," लिओनी म्हणाली.



मार्चमध्ये तिघी शेफील्ड बघायला गेल्या होत्या, लिओनी, डेब्रा आणि एव्हरिल. तिथल्या उंच इमारतीत ती जुनी लिफ्ट आहे. दार नाही, थांबत नाही, डबे एकामागून एक वर सरकत राहतात आणि माणसाने नेमका पाय टाकायचा. आलेले सगळे आईबाप तिच्यासमोर नदीच्या काठी उभं राहिल्यासारखे उभे होते. एका गृहस्थांनी तर तीन डबे जाऊ दिले आणि जिन्याने गेले. डेब्रा मात्र बसच्या वेळांबद्दल काहीतरी बोलत होती आणि बोलता बोलताच चढली. खाली बघितलंसुद्धा नाही.

"तू त्या लिफ्टमध्ये आधी चढलेली आहेस," लिओनी म्हणाली. "आणि स्टेशनवरून तिथपर्यंत नकाशा न बघता गेलीस. तिथे तुझ्या बाबतीत काहीतरी झालंय आणि ते चांगलं नाहीये. मला माहीत नसलेल्या गोष्टीवर मी तीन वर्षं काढणार नाही. सहाच्या आत सांगितलंस तर शेफील्ड. नाही सांगितलंस तर मँचेस्टर, आणि मी पुन्हा कधी विचारणार नाही. शप्पथ."

मुलगी बोलल्यासारखी वागते हे डेब्राला ठाऊक होतं. तेवढं एक ती आजीवर गेली होती.

आता जे लिओनीला ठाऊक नव्हतं ते सांगून टाकतो, कारण घरात बाकी सगळ्यांना ठाऊक होतं आणि तरी तिच्यासमोर कुणी कधी ते तोंडातून काढलं नव्हतं. चौऱ्याण्णव साली डेब्रा टॅम्स त्याच विद्यापीठात इतिहास शिकायला गेली होती. सप्टेंबरच्या अखेरीस गेली आणि नोव्हेंबरच्या मध्यावर परत आली. सात आठवडे. नंतरच्या सोमवारी ती होरेस काम करायचा त्याच चिनीमातीच्या कारखान्यात, बशांवर नक्षीचे कागद चिकटवायच्या खात्यात कामाला लागली. शेजारणींना एव्हरिलने सांगितलं, 'डेब्राला तिकडचं मानवलं नाही.' मग नातेवाइकांना तेच सांगितलं, आणि हळूहळू डेब्रालाही तेच खरं वाटायला लागलं. निदान दिवसा तरी.

गाडी आजीच्या दारात थांबली. चार वीस झाले होते.

*

आत ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाची धिरडी, तव्यावर पडल्याचा वास सुटला होता आणि लॉरेन आधीच आली होती. डेब्राची ही थोरली बहीण लग्न करून स्टॉकपोर्टला गेली ती तिथलीच झाली. तिची बॅग, तिचे केस, तिचं हसणं सगळं अर्ध्या तासाच्या अंतरावरून आल्यासारखं वाटायचं. तिच्या शेजारी डेब्राचा नवरा केल्विन कामाच्या कपड्यांतच बसला होता. तो टाइल्सच्या गोदामाची व्हॅन चालवायचा आणि आयुष्यातला प्रत्येक प्रश्न व्हॅनला लावून बघायचा.

"पेपर कसा गेला?" त्याने विचारलं.

"संपला," लिओनी म्हणाली आणि लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला.

"ते यंत्र बाजूला घे, बशी कुठे ठेवू?" एव्हरिल आली. शहात्तरीची बाई, पण बशा आणताना एका हातावर पाच पेलत होती. चाळीस वर्षं तिने कारखान्यात बशांना सोन्याची कड काढली होती आणि त्या हातातून फुटलेली बशी कुणी पाहिली नव्हती. "खा आधी. रिकाम्या पोटी कुणी शहाणं होत नाही."

सगळ्यांनी खाल्लं. चीज, बेकन, वर सॉस. चहाची दुसरी फेरी झाल्यावर लॉरेनने हात पुसले आणि मुद्द्याला हात घातला.

"मला तर कळतच नाही यात ठरवायचं काय आहे. मँचेस्टर. माझ्याकडे खोली रिकामी आहे. भाडं नाही, जेवण गरम, ट्रेन दहा मिनिटांत शहरात. मुलीच्या डोक्यावर कर्ज कमी होईल."

"मावशी, मला तुझ्याकडे राहायचं नाहीये."

"का गं? मी चावते?"

"तू बाथरूममध्ये वेळापत्रक लावलंयस."

केल्विन हसला. लॉरेनने त्याच्याकडे बघितलं तसा तो चहात बघायला लागला.

"बरं, पण मला एक सांगा," तो म्हणाला, "या तिघांत फरक काय आहे? मँचेस्टर, लिव्हरपूल, शेफील्ड. मी तिन्ही माहितीपुस्तकं वाचली. तिन्हींत लाल विटांची इमारत. तिन्हींत एक मुलगी हिरवळीवर बसून हसतेय. मला तर ती एकच मुलगी वाटते, तिला गाडीत घालून फिरवतात."

"पहिल्या वर्षाचे विषयही जवळजवळ तेच," लिओनी म्हणाली. "आणि गुणही तिघांनी सारखेच मागितलेत. दोन ए, एक बी."

"लिव्हरपूल," एव्हरिल म्हणाली.

"का आजी?"

"बशी."

सगळ्यांना हे माहीत होतं, तरी सगळे ऐकायला थांबले, कारण एव्हरिल हे छान सांगायची. आमच्या पॉटरीजमधला, म्हणजे चिनीमातीच्या कारखान्यांच्या या गावांतला, माणूस कुठेही जेवायला बसला की आधी बशी उलटून बुडाचा कारखान्याचा शिक्का बघतो. लग्नात बघतो, दवाखान्याच्या कँटीनमध्ये बघतो, मयताच्या घरी चहा दिला तरी बघतो, फक्त तिथे जरा हळूच. एव्हरिलने नातीबरोबर तिन्ही विद्यापीठं पाहिली होती, म्हणजे तिन्ही कँटीनमध्ये बशा उलटल्या होत्या.

"मँचेस्टरची बाहेरदेशातली. शेफील्डची तर कुठलीच नाही, बुडाला नुसतं कोरं. ज्याला आपलं नाव सांगायची लाज वाटते त्याची बशी. लिव्हरपूलला मात्र आपली. इथून पाऊण मैलावर भाजलेली. जी माणसं चांगली बशी घेतात ती मुलांनाही नीट सांभाळतात."

"आई, ती एका दिवसाची एक बशी होती," लॉरेन म्हणाली.

"शिक्का एकाच बशीवर असला तरी शिक्काच असतो."

लिओनीने तिन्ही शिक्क्यांचे फोटो काढून ठेवले होते. ते तिने बापाला दाखवले. कोऱ्या बुडाचाही काढला होता. या सगळ्या वेळात तिने दोनदा आईकडे बघितलं. डेब्रा टेबलावरचे तुकडे बोटाने गोळा करत होती. पाचला दहा कमी होते.

"मग मी सांगतो," केल्विन म्हणाला. "दोन जागा निवडता येतात ना? एक पक्की आणि एक विम्याची. मँचेस्टर पक्की, लिव्हरपूल विम्याची. मावशी खूश, आजी खूश. विमा करायचा तर चांगल्याचाच करावा. मी व्हॅनचा कधी स्वस्तातला करत नाही."

लॉरेनने कपाळाला हात लावला. "अरे देवा. आमच्या मुलाच्या, रॉसच्या वेळी आम्ही अगदी हेच केलं होतं. केल्विन, ऑगस्टच्या निकालात एका विषयात हिची एक श्रेणी घसरली तर मँचेस्टर जाणार. लिव्हरपूलने तेवढेच मागितलेत, म्हणजे त्याच सकाळी तेही जाणार. मग विमा कशाचा? विम्याची जागा कमी गुण मागणारी असावी लागते. रॉस निकालाच्या दिवशी चार तास फोन लावत बसला होता. माझी साखर तेव्हापासून वाढली."

केल्विनने चमचा कपात फिरवला. मग म्हणाला, "हे कुठे लिहिलंय का?"

"लिहिलंय, बाबा. मीच चुकून तुझ्यासारखं भरून ठेवलं होतं," लिओनी म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले. "काल बदललं. विम्याची जागा कील. त्यांनी तीन बी मागितलेत."

कील म्हणजे घरापासून बसने अर्धा तास. ते नाव ऐकलं आणि एव्हरिलच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला की तिला स्वतःला तो लपवता आला नाही.

"मग कीलच पक्कं टाक ना," ती म्हणाली.

"आजी, आत्ता तर लिव्हरपूल म्हणत होतीस."

"ती थट्टा गं. बशी बघून कुणी शाळा निवडतं का? कीलला झाडं किती आहेत. रात्री घरी यायचं, आपल्या अंथरुणात झोपायचं. बुधवारी माझ्याकडे ओटकेक. शिकायचं तेच शिकणार, पुस्तकं काय इथे उलटी छापतात?" तिने रिकाम्या बशा एकावर एक रचल्या. "लांब गेलं म्हणजे शहाणपण येतं असं नाही. लांबचं सगळ्यांना मानवत नाही."

तो शब्द टेबलावर पडला आणि डेब्राने बोट थांबवलं.

एकतीस वर्षांत तिने तो शब्द हजार वेळा ऐकला असेल. मासे मानवत नाहीत, थंडी मानवत नाही, डेब्राला शेफील्ड मानवलं नाही. पण आज तो तिच्या मुलीसाठी काढला होता. तिला एकदम इतका राग आला की चहाचा कप उचलून ती सरळ मागच्या खोलीत, मोरीशी गेली, आणि तो एकच कप पुन्हा पुन्हा धुवायला लागली.

*

लॉरेन तिच्या मागोमाग आली आणि दार लोटलं.

"तुला काय झालंय?"

"तिला कळलंय. सगळं नाही, पण काहीतरी झालंय एवढं कळलंय. सहाच्या आत मी सांगितलं नाही तर ती शेफील्ड सोडणार."

"मग सोडू दे की. मँचेस्टर काय वाईट आहे?"

"वाईट नाही. तिला ते नकोय."

"डेब्रा, तिन्ही सारखीच आहेत."

"तुला सारखी आहेत. तिला नाहीत." डेब्राने नळ बंद केला. "मार्चमध्ये तिथल्या एका बाईंनी मुलांना एक जुना कागद दिला. कारखान्यात शिशाचं विष भिनून मेलेल्या मुलीच्या चौकशीचा. मालक बोलतो, डॉक्टर बोलतो, मुकादम बोलतो. बाईंनी विचारलं, या पानावर कोण बोलत नाहीये? लिओनी वीस मिनिटं भांडली त्यांच्याशी. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा बघायला हवा होतास. मी बघितला, आणि ट्रेनमध्ये बसल्याबरोबर म्हणाले, चढ फार आहेत."

लॉरेनने टॉवेल घेतला आणि कोरडाच कप पुसायला लागली. "सांगू नकोस. आई शहात्तर वर्षांची आहे."

"मी अठराची होते."

"आता उकरून काय मिळणार?"

"तुला कसली भीती वाटतेय, लॉरेन?"

लॉरेनने कप उजेडात धरून बघितला. मग अगदी पूर्वीच्या, बर्स्लेमच्या आवाजात म्हणाली, "ती मलाही फोन करायची. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. रोज रडायची, घर खायला उठतं म्हणायची. परत ये, इथेच कुठेतरी घर बघा म्हणायची. मग एका आठवड्यात फोन बंद झाले. मला कळलं की ती आता तुला करत असणार. मी तुला एक शब्द बोलले नाही. मनात म्हटलं, सुटले बाई." तिने कप खाली ठेवला. "खोली उगाच नाही देऊ केली मी."

डेब्राने बहिणीकडे नीट बघितलं. राग यायला हवा होता. पण तो सगळा आधीच दुसरीकडे खर्ची पडला होता.

"मग आता एक शब्द बोल," ती म्हणाली. "मी सांगायला लागले आणि आईने मधे तोडलं, तर तू बोल."

लॉरेनने मान हलवली. दोघी बाहेर आल्या. सव्वापाच झाले होते.

*

डेब्रा बसली नाही. खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.

"लिओनी, मी चौऱ्याण्णव साली शेफील्डला इतिहास शिकत होते. सात आठवडे."

केल्विनने मान खाली घातली. त्याला माहीत होतं. लग्नाच्या आधी एकदा तिने सांगितलं होतं आणि पुन्हा काढायचं नाही म्हणून बजावलं होतं. तो शब्दाला जागला होता.

"तिला मानवलं नाही," एव्हरिल म्हणाली.

"मला मानवलं होतं, आई."

"तू बारीक झाली होतीस. चेहरा एवढासा..."

"आई, तिला बोलू दे," लॉरेन म्हणाली.

एव्हरिलने थोरल्या मुलीकडे असं बघितलं, जणू तव्यानेच तोंड उघडलंय. लॉरेनने आईला गप्प बसवल्याचं या घराने कधी पाहिलं नव्हतं.

"मला इतकं मानवलं होतं की मी सकाळी उठून हसायचे," डेब्रा म्हणाली. "त्या उंच इमारतीतून ग्रंथालयात जायचा रस्ता होता. मी दिवसातून दहा वेळा त्या लिफ्टमध्ये चढायचे, काम नसलं तरी. प्लेगवर निबंध लिहीत होते. अर्धा झाला होता. वसतिगृहात जिन्याखाली एकच फोन होता. पहिल्या आठवड्यात तो एकदा वाजला. तिसऱ्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी साडेसहाला. कुणीतरी ओरडायचं, डेब्रा, तुझी आई. सगळ्या मजल्याला कळायचं. आई रडायची. तुझे बाबा जेवत नाहीत. बाबांची छाती भरलीय. रात्री झोपत नाहीत. तू नाहीस तर घरात जीव नाही. मी निबंध लिहायला बसले की मला साडेसहा वाजल्याचं ऐकू यायचं. सातव्या आठवड्यात मी सामान भरलं."

"आजोबा आजारी होते?" लिओनीने विचारलं.

"नाही."

"किती वर्षं जगले त्यानंतर?"

"चौदा."

"त्या दिवशी ते काय म्हणाले?"

पोरीने नेमकं तिथेच बोट ठेवलं. डेब्राला वाटलं होतं की हा प्रश्न कुणी कधी विचारणारच नाही.

"दार त्यांनीच उघडलं. माझी बॅग बघितली आणि म्हणाले, 'का आलीस?' बस, एवढंच. मग दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. ना माझ्याशी, ना आईशी. सोमवारी मला कामावर घेऊन गेले. तीन पुस्तकं ग्रंथालयाची होती, ती मी पोस्टाने परत केली." तिचा आवाज आता बसला होता, पण ती थांबली नाही. "तिथे वाईट काही झालं नाही, लिओनी. वाईट झालं ते इथे झालं. मी चढ फार आहेत म्हणाले, कारण ते नाव ऐकलं की मला हेवा वाटायचा. तुझा. मुलीचा हेवा वाटतो हे कुठल्या तोंडाने सांगू?"

 केल्विनने हात पुढे करून बायकोची खुर्ची मागे ओढली तेव्हा ती बसली.

एव्हरिल बशांच्या चळतीवर हात ठेवून बसली होती. "मी काय हातपाय बांधून आणलं होतं का?" ती म्हणाली, पण त्यात नेहमीचा जोर नव्हता. "तू आपण होऊन आलीस."

"हो. आपण होऊन आले. तोच तर मी स्वतःला एकतीस वर्षं दोष दिला."

"तुम्हाला काय माहीत," एव्हरिल म्हणाली. आता ती कुणाकडेच बघत नव्हती. "ही स्टॉकपोर्टला, ती तिकडे. होरेस तर लग्नाच्या दिवशीसुद्धा चार वाक्यं बोलला नाही. मी सात भावंडांत वाढले, मग या दोघी. मी कधी घर रिकामं ऐकलंच नव्हतं. संध्याकाळी कामावरून यायचे आणि या खोलीत घड्याळाचा आवाज यायचा. घड्याळ वीस वर्षं तिथेच होतं, मला कधी ऐकू आलं नव्हतं. मला भीती वाटायची, डेब्रा. आणि भीती वाटते म्हणून कुणाला बोलावता येत नाही, म्हणून मी होरेसला आजारी पाडलं."

डेब्राला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. आईने कबूल केलं, सगळ्यांसमोर, हे तिला पुरेसं होतं की नाही ते तिला अजून कळत नव्हतं. पण ती ते आता मुलीच्या वेळेतून मोजून घेणार नव्हती.

"पाच पस्तीस," ती म्हणाली. "लिओनी, तू विचारलंस, मी सांगितलं. आता तुझं तू बघ."

लिओनीने लॅपटॉप पुढे ओढला. मग थांबली.

"आई, एक स्पष्ट सांगते. मी तुझे राहिलेले आठवडे पुरे करायला तिथे जात नाहीये."

"जाऊ पण नकोस."

"तू तिथे नव्हतीस असं समजूनही मी शेफील्डच घेतलं असतं. त्या बाईंच्या तासासाठी. आणि तिथे मला आवडलं नाही तर मी परत येईन, पण ते मला आवडलं नाही म्हणून. दुसऱ्या कुणाला आवडलं नाही म्हणून नाही."

"म्हणूनच जा," डेब्रा म्हणाली.

"आणि मावशी, तुझी खोली नको. पण शनिवारी कधीतरी जेवायला येईन."

"वेळापत्रक काढून ठेवते," लॉरेन म्हणाली आणि डोळे पुसले.

"बाबा?"

"मी काय," केल्विन म्हणाला. "व्हॅन धुऊन ठेवतो. सप्टेंबरला सामान न्यायला लागेल. चढ फार आहेत म्हणतात, जरा ब्रेक बघून घेतो."

पक्की जागा, शेफील्ड. विम्याची, कील. लिओनीने दोन्ही नावं मोठ्याने वाचली, कॉलेजमध्ये शिकवलं होतं तसं, चूक राहू नये म्हणून. मग मागे वळून बघितलं. "आजी?"

तिला परवानगी नको होती. ती आजीला तिचा हक्क देत होती, आणि डेब्राला हे बघून अठरा वर्षांत पहिल्यांदा वाटलं की ही मुलगी आपल्यापेक्षा मोठी आहे.

"मला कशाला विचारतेस?" एव्हरिल म्हणाली. "माझं ऐकणार आहेस का?"

"नाही."

"मग दाब."

लिओनीने बटण दाबलं. पडद्यावर हिरवी खूण आली आणि खाली तिचं पूर्ण नाव, आणि सगळे ते वाचायला असे वाकले की जणू ते नाव त्यांनी आधी कधी पाहिलंच नव्हतं. केल्विनने ते दोनदा वाचलं. लॉरेन स्वयंपाकघरात चहा टाकायला गेली. पावणेसहा झाले होते.

एव्हरिल उठली. बशांची चळत उचलली आणि परत खाली ठेवली. मग नातीजवळ आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला, जरा जोरातच, पडू नये म्हणून धरावा तसा.

"मी फोन करणार," ती म्हणाली.

"कर की, आजी."

"ऐक आधी. मी आज म्हणेन की नाही करणार, पण मी करणार. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. पहिले दोन आठवडे धीर धरीन. मग एका संध्याकाळी करीन आणि काहीतरी सांगेन. गुडघा म्हणेन, छाती म्हणेन. तुझी आई जेवत नाही म्हणेन. रडेन पण."

"मग मी काय करू?"

एव्हरिलने टेबलापलीकडे बसलेल्या डेब्राकडे बघितलं, आणि या वेळी नजर काढून घेतली नाही.

"उचलू नकोस," ती म्हणाली. "तुझी आई उचलायची."